उशिरा भरलेली ओटी

राजघराण्यातल्या बाईला मूल उशिरा झाले असे म्हणताना तिचे वय क्वचितच मोजले जाई; मोजली जाई ती गादीची निकड. मुलीचे लग्न आठव्या-दहाव्या वर्षी होण्याचा तो काळ होता. पंधरा-सोळाव्या वर्षी कूस उजवली नाही तर घरात कुजबुज सुरू होई, विशीत सवत येई आणि तिशीत राणीची गणना निपुत्रिकांत होऊन जाई. आज ज्या वयात मुली नोकरीत स्थिरावून लग्नाचा विचार करतात, त्या वयात जुन्या वाड्यांत आईपणाची आशा सोडलेली असे. मराठी राजघराण्यांचा इतिहास पाहिला तर असे उशिराचे आईपण दोन वाटांनी आलेले दिसते. एक वाट कुशीची, दुसरी ओटीची, म्हणजे दत्तकाची. दुसरी वाट जास्त रहदारीची होती आणि राजकारणाच्या दृष्टीने जास्त जोखमीचीही.

कुशीच्या वाटेची सर्वांत जुनी आणि परिचित कथा मराठवाड्यातली आहे. वेरूळचे मालोजी भोसले आणि फलटणच्या निंबाळकरांची लेक उमाबाई यांना बरीच वर्षे मूल नव्हते. अहमदनगरच्या शाह शरीफ पिराला नवस केला आणि त्यानंतर दोन मुलगे झाले, अशी बखरींची परंपरा सांगते. पिराच्या नावाचे दोन भाग करून थोरल्याचे नाव शहाजी आणि धाकट्याचे शरीफजी ठेवले गेले. नवसाची गोष्ट कोणी मानावी, कोणी न मानावी. नावे मात्र कागदोपत्री आहेत. घृष्णेश्वराचे देऊळ दुरुस्त करणाऱ्या घराने मुलांची नावे पिरावरून ठेवावीत, यात त्या काळी कोणाला काही वावगे वाटले नाही. मुलासाठी आसुसलेल्या बाईला देव आणि पीर यांत निवड करायची नसते, दोन्ही दारांत पदर पसरायचा असतो. धाकटे शरीफजी १६२४ च्या भातवडीच्या लढाईत पडले.

याच घराची सून जिजाऊ. सिंदखेडच्या लखुजी जाधवांची ही मुलगी १५९८ सालची मानली जाते. शिवाजी महाराजांचा जन्म शिवनेरीवर १९ फेब्रुवारी १६३० चा. म्हणजे त्या वेळी जिजाऊ बत्तिशीच्या होत्या आणि लग्नाला दोन तपांच्या आसपास काळ लोटला होता. थोरले संभाजी आधीच जन्मलेले असल्याने हे पहिले आईपण नव्हते, पण त्या काळाच्या मापाने उशिराचे नक्कीच होते. या बाळंतपणाकडे पाहताना वयापेक्षा वेळ जास्त बोलते. जुलै १६२९ मध्ये देवगिरीच्या किल्ल्यात निजामशाही दरबारात लखुजी जाधव आणि त्यांचे मुलगे मारले गेले. दिवसांचा हिशेब केला तर त्या वेळी जिजाऊंना नुकतेच दिवस गेलेले असणार. बाप आणि भाऊ एकाच दिवशी गेले, नवरा मोहिमांवर, मुलूख लढायांनी पोळलेला. आणि पुढच्याच वर्षी दख्खनवर भयंकर दुष्काळ कोसळला. अशा स्थितीत गरोदर बाईला किल्ल्यावर सुरक्षित ठेवणे हाच शहाणपणाचा उपाय होता.

योगायोगाची गोष्ट अशी की याच दशकात फ्रान्समध्येही एक राणी उशिरा आई झाली. ऑस्ट्रियाची ॲन हिचे लग्न १६१५ मध्ये चौदाव्या वर्षी तेराव्या लुईशी झाले आणि मुलगा झाला तो थेट १६३८ मध्ये, लग्नानंतर तेवीस वर्षांनी. तेव्हा ती सदतिशीला टेकली होती. त्या मुलाला देवाने दिलेला असे टोपणनाव पडले. पुढे तोच चौदावा लुई. पॅरिसमध्येही यात्रा झाल्या, नवस बोलले गेले. नवसाची भाषा तेवढी वेगळी होती.

वय वाढले की मूल होणे अवघड का होते, याचे कारण शरीरात आहे. स्त्रीची बीजे तिच्या जन्माआधीच तयार झालेली असतात. जन्माच्या वेळी ती दहा-वीस लाखांच्या घरात असतात, वयात येईपर्यंत तीन-चार लाख उरतात आणि पुढे दर महिन्याला कमी होत जातात. पस्तिशीनंतर ही घसरण वेग घेते. उरलेली बीजेही जुनी झालेली असल्याने त्यांच्या विभाजनात चुका होण्याचा संभव वाढतो. डाउन सिंड्रोमचे बाळ होण्याची शक्यता पंचविशीतल्या आईच्या बाबतीत साधारण साडेबाराशेत एक, तर चाळिशीतल्या आईच्या बाबतीत शंभरात एक अशी मानली जाते. गर्भपात, रक्तदाब आणि मधुमेह यांचा धोकाही वाढतो. जुन्या वाड्यांत यातले काहीच ठाऊक नव्हते. मूल न होण्याचा दोष सरळ राणीच्या माथी मारला जाई आणि दुसरे लग्न केले जाई. तीन-तीन लग्ने करूनही पाळणा हलला नाही, तरी दोष राजाचा असू शकेल हे कोणी मोठ्याने बोलत नसे.

पेशव्यांच्या घरात उशिराच्या आईपणाचे जे प्रकरण घडले, त्याच्याइतके गुंतागुंतीचे प्रकरण दुसरे नाही. आनंदीबाई ही गुहागरकडच्या ओकांची मुलगी. रघुनाथरावांशी तिचे लग्न १७५६ च्या सुमारास झाले. पुढच्या दहा-बारा वर्षांत गादीवर हक्क सांगेल असा मुलगा हाती लागला नाही, म्हणून रघुनाथरावांनी १७६८ मध्ये भुस्कुट्यांच्या घरातला अमृतराव दत्तक घेतला. पुतण्या माधवराव पेशवा असताना काकांनी वारस नेमणे म्हणजे राज्याच्या वाटणीची तयारीच होती. त्याच वर्षी धोडपला काका-पुतण्यांची लढाई झाली. ओटीत घेतलेल्या एका मुलामुळे तोफा डागल्या गेल्या असे म्हणणे थोडे ताणल्यासारखे होईल, पण फार नाही.

मग ३० ऑगस्ट १७७३ ला पेशवे नारायणरावांचा खून झाला. त्यांची बायको गंगाबाई गरोदर होती. नाना फडणीस, सखारामबापू आणि इतर मंडळींनी, म्हणजे बारभाईंनी, तिला पुरंदरावर नेऊन ठेवले आणि सगळा कारभार एका न जन्मलेल्या मुलाच्या नावावर उभा केला. १८ एप्रिल १७७४ ला मुलगा झाला. चाळीस दिवसांच्या या सवाई माधवरावाला पेशवाईची वस्त्रे मिळाली. मुलगी झाली असती तर मराठ्यांचा इतिहास कुठल्या वळणाला गेला असता, याचा अंदाज बांधत पुण्यातल्या कित्येक पिढ्यांनी संध्याकाळी घालवल्या आहेत.

नेमक्या याच सुमारास पळापळीत असलेल्या आनंदीबाईलाही दिवस गेले. रघुनाथराव बारभाईंच्या फौजा टाळत फिरत होते आणि आनंदीबाई पवारांच्या आश्रयाने धारच्या किल्ल्यात होती. तिथे जानेवारी १७७५ मध्ये तिला मुलगा झाला. हाच दुसरा बाजीराव. लग्नाला अठरा वर्षे झाली होती. पुढे नवऱ्याबरोबर सुरत, मुंबई, पुन्हा सुरत अशी वणवण झाली. डिसेंबर १७८३ मध्ये कोपरगावला रघुनाथराव वारले तेव्हा आनंदीबाई पुन्हा गरोदर होती. मार्च १७८४ मध्ये चिमाजी आप्पाचा जन्म झाला, बापाच्या मृत्यूनंतर तीन-साडेतीन महिन्यांनी. लग्नानंतर सुमारे सत्तावीस वर्षांनी, पस्तिशीच्या आसपास, विधवा होऊन आणि सत्तेच्या नजरकैदेत राहून हे आईपण आले. आनंदीबाईचे नाव काढले की लोकांना नारायणरावांच्या खुनाच्या हुकुमातल्या एका अक्षराच्या फेरफाराचीच गोष्ट आठवते. बाळंतिणीच्या खोलीतली आनंदीबाई कोणाला आठवत नाही.

या चिमाजीचे पुढे जे झाले ते वाचून आजच्या वाचकाला हसावे की डोके धरावे कळणार नाही. ऑक्टोबर १७९५ मध्ये सवाई माधवराव निपुत्रिक वारले. त्यांची विधवा यशोदाबाई तेव्हा स्वतःच लहान मुलगी होती. बाजीराव थोरला असल्याने हक्क त्याचा होता. पण तो हाताशी राहणार नाही, अशी भीती नाना फडणिसांना होती. परशुरामभाऊ पटवर्धन आणि इतरांच्या खटपटीतून १७९६ मध्ये चिमाजीला यशोदाबाईच्या मांडीवर दिले गेले. मुलगा बारा वर्षांचा आणि त्याची आई जवळजवळ त्याच्याच वयाची. नाते लावायचे तर आणखी गंमत होती. चिमाजी हा नारायणरावांचा चुलतभाऊ, म्हणजे सवाई माधवरावांचा चुलतकाका. काकाच पुतण्याचा मुलगा झाला आणि पुतसुनेला आई म्हणू लागला. काही महिन्यांत राजकारण फिरले, बाजीराव पेशवा झाला आणि हे दत्तविधान रद्द ठरले.

असले दत्तक शक्य कसे झाले, हे समजण्यासाठी धर्मशास्त्राकडे वळावे लागते, आणि त्याची मुळे पुन्हा मराठवाड्याच्या परिसरात सापडतात. हिंदू कायद्याचा पाया मानली गेलेली मिताक्षरा ही टीका विज्ञानेश्वराने कल्याणीच्या चालुक्य दरबारात, सहाव्या विक्रमादित्याच्या काळात लिहिली. हे कल्याणी म्हणजे लातूर जिल्ह्याच्या हद्दीपलीकडचे आजचे बसवकल्याण. महाराष्ट्र-गुजरातेत ज्या व्यवहारमयूखाला मान मिळाला, त्याचा कर्ता नीलकंठ भट्ट काशीत राहत असला तरी त्याचे घराणे पैठणचे. ग्रंथ एक असले तरी प्रांताप्रांतांत त्यांचा अर्थ वेगळा लागला. मिथिलेत विधवेला दत्तक घेताच येत नव्हते. बंगालमध्ये नवऱ्याने हयातीत परवानगी दिलेली असावी लागे. महाराष्ट्रात मात्र नवऱ्याने स्पष्ट मनाई केली नसेल तर विधवा स्वतःहून मुलगा घेऊ शकत असे. मराठी विधवा राण्यांच्या हातात जे सामर्थ्य दिसते, त्यातला बराचसा भाग या एका सवलतीने दिलेला आहे. दत्तकाचे वय किती असावे, आई त्याच्यापेक्षा किती मोठी असावी, यावर इथला व्यवहार ढिला होता.

दत्तविधानाचा विधी मात्र ढिला नव्हता. देणारे आईबाप मुलाला पुढे करीत आणि शब्दांनी त्याचे दान करीत. घेणारी आई दोन्ही हातांनी त्याला ओढून मांडीवर बसवी आणि त्याचे मस्तक हुंगे. लेकराचा वास घेऊन त्याला आपले मानायचे, इतका साधा आणि शारीरिक भाग त्यात आहे. नंतर दत्तहोम, साखर वाटणे, नवे नाव. राजघराण्यात याला आणखी एक पायरी होती: सार्वभौम सत्तेची मान्यता आणि तिच्यासाठी नजराणा. घोडे बहुतेक तिथेच अडे.

कोल्हापूरच्या जिजाबाईने ही वाट चांगली सांभाळली. १७६० च्या डिसेंबरात तिचे पती संभाजीराजे निपुत्रिक वारले तेव्हा पेशव्यांचा डोळा कोल्हापूरच्या गादीवर होता. जिजाबाईने १७६२ मध्ये खानवटच्या भोसल्यांच्या घरातला मुलगा दत्तक घेऊन त्याचे नाव शिवाजी ठेवले आणि १७७३ मध्ये मरेपर्यंत त्याच्या नावाने राज्य केले. तिच्यासाठी आई होणे आणि राज्य टिकवणे ही एकच गोष्ट होती.

ग्वाल्हेरच्या बायजाबाईचे तसे झाले नाही. कागलच्या घाटग्यांची ही मुलगी १७८४ सालची. तिचे पती दौलतराव शिंदे दत्तकाचा विषय अखेरपर्यंत टाळत राहिले आणि मार्च १८२७ मध्ये वारले. जूनमध्ये बायजाबाईने अकरा वर्षांचा मुकुटराव दत्तक घेतला, तोच जनकोजीराव. बायजाबाई त्रेचाळीस वर्षांची, घोड्यावर बसणारी, सावकारीचे हिशेब कोळून प्यालेली बाई. तिच्या समजुतीप्रमाणे मुलगा गादीला हवा होता, कारभाराला नव्हे. मुलाला मिसरूड फुटू लागले तसा तोच कारभार त्याला हवासा वाटला. मायलेकांचे पटले नाही आणि १८३३ मध्ये तिला ग्वाल्हेर सोडावे लागले. पोटच्या पोरानेही हेच केले असते, असे म्हणता येते. पण पोटच्या पोराला घरातून काढायला सैन्य इतक्या सहजी पुढे झाले नसते. पुढे जनकोजीही निपुत्रिक वारले आणि १८४३ मध्ये त्यांच्या तेराएक वर्षांच्या विधवेने, ताराबाईने, आठ वर्षांचा जयाजीराव मांडीवर घेतला. त्रेचाळिशीतल्या आईपेक्षा तेराव्या वर्षाच्या आईशी दरबाऱ्यांचे चांगले जमले. कारण उघड आहे.

त्यानंतर गव्हर्नर जनरल डलहौसी आला आणि ओटीची वाट बंद झाली. साताऱ्याचे शहाजी ऊर्फ आप्पासाहेब महाराज एप्रिल १८४८ मध्ये वारले. मरण्यापूर्वी काही तास त्यांनी घेतलेला दत्तक ईस्ट इंडिया कंपनीने नाकारला आणि राज्य खालसा झाले. झाशीत गंगाधररावांनी २० नोव्हेंबर १८५३ ला मुलगा दत्तक घेतला आणि दुसऱ्या दिवशी प्राण सोडला. लक्ष्मीबाईचा पोटचा मुलगा दोन वर्षांपूर्वी चार महिन्यांचा होऊन गेला होता. नागपूरही १८५४ मध्ये गेले. १८५७ नंतर इंग्रजांना आपली चूक कळली आणि १८६२ मध्ये लॉर्ड कॅनिंगने संस्थानिकांना दत्तकाच्या सनदा दिल्या.

त्या सनदेचा फायदा बडोद्याला झाला, पण त्याआधी तिथे गंगाबाईच्या गोष्टीची उलटी आवृत्ती घडली. नोव्हेंबर १८७० मध्ये खंडेराव गायकवाड वारले तेव्हा राणी जमनाबाई गरोदर होती. पाद्र्याला कैदेत असलेला दीर मल्हारराव बाहेर आला आणि मुलगा न झाल्यास गादी त्याची, असे ठरले. सासरच्या वाड्यात जिवाला धोका वाटल्याने जमनाबाई इंग्रज रेसिडेन्सीच्या आसऱ्याला गेली. अशा बाळंतपणात दोन भये असतात. एक म्हणजे मुलाला मारले जाईल आणि दुसरे म्हणजे मूल बदलले असे म्हटले जाईल. सिसिलीच्या कॉन्स्टन्स राणीला ११९४ मध्ये चाळिसाव्या वर्षी मुलगा झाला, तेव्हा येसी गावच्या चौकात तंबू ठोकून गावातल्या बायकांदेखत ती बाळंत झाली, अशी कथा युरोपात सांगतात, ती याच दुसऱ्या भयापोटी. जमनाबाईला जुलै १८७१ मध्ये मुलगी झाली. गादी मल्हाररावाला मिळाली, राणी पुण्याला निघून गेली. चार वर्षांनी इंग्रजांनी मल्हाररावाला पदच्युत केले आणि जमनाबाईला परत बोलावून दत्तक घ्यायला सांगितले. नाशिक जिल्ह्यातल्या कवळाण्याच्या शेतकरी गायकवाडांच्या घरातून मुले आणली गेली. कशासाठी आलात, असे विचारल्यावर बारा वर्षांच्या गोपाळने राज्य करायला आलो असे धिटाईने सांगितले, ही आख्यायिका सर्वांना माहीत आहे. २७ मे १८७५ ला तो सयाजीराव झाला. जमनाबाई तेव्हा बावीस वर्षांची होती. तिच्या वयाने नव्हे, पण सोसलेल्या वर्षांनी हे आईपण उशिरा आले.

विसाव्या शतकात वैद्यकाने कुशीची वाट थोडी रुंद केली. इंग्लंडच्या दुसऱ्या एलिझाबेथला धाकटा मुलगा एडवर्ड १९६४ मध्ये सदतिसाव्या वर्षी झाला आणि त्याच एडवर्डच्या पत्नीला, सोफीला, २००७ मध्ये बेचाळिसाव्या वर्षी. दोघांच्याही जन्माने राज्याचे काही अडले नव्हते. जपानची गोष्ट वेगळी. तिथल्या राजघराण्यात १९६५ नंतर मुलगा जन्मलाच नव्हता आणि मुलींना गादी देण्याचा कायदा करावा की काय, अशी चर्चा सुरू होती. राजपुत्राची पत्नी किको हिला २००६ मध्ये, चाळिशीला पाच दिवस उरले असताना, मुलगा झाला आणि ती चर्चा गुंडाळली गेली.

भारतात १९५६ च्या हिंदू दत्तक कायद्याने मुलगीही दत्तक घेता येऊ लागली, आणि स्त्रीने मुलगा घ्यायचा तर ती त्याच्यापेक्षा किमान एकवीस वर्षांनी मोठी असावी, अशी अट घातली. यशोदाबाई-चिमाजीसारखे दत्तक त्याने कायमचे संपले. २०२१ च्या कायद्याप्रमाणे प्रयोगशाळेच्या मदतीने मूल होण्यासाठी स्त्रीचे वय एकवीस ते पन्नासच्या दरम्यान असावे लागते.

मुदखेड, नांदेड, लातूर हा मराठवाड्यातला मुलूख १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात होता, आणि त्या राज्यातल्या ज्या राजस्त्रीचे नाव इथे आजही घेतले जाते तिच्यासाठी यातली कुठलीच वाट उघडी नव्हती. निलोफर ही तुर्की उस्मानी घराण्याची मुलगी, १९१६ सालची. १९३१ मध्ये ती सातव्या निजामाचा दुसरा मुलगा मुअज्जम जाह याच्याशी लग्न होऊन हैदराबादला आली. देखणेपणासाठी ती जगभर गाजली. युरोपातल्या डॉक्टरांचे उपचार करूनही तिला मूल झाले नाही. हिंदू राण्यांसारखी दत्तकाची सोयही नव्हती, कारण मुस्लिम कायद्यात दत्तक पुत्राला वारस मानत नाहीत. नवऱ्याने दुसरे लग्न केले आणि १९५२ मध्ये ती वेगळी झाली. त्याआधी तिची रफत नावाची दासी बाळंतपणात दगावली होती. उपचार वेळेवर मिळाले असते तर ती वाचली असती, हे निलोफरच्या मनाला लागले आणि तिने सासऱ्याकडे बायका-मुलांसाठी दवाखान्याचा आग्रह धरला. हैदराबादच्या रेड हिल्स भागात १९५३ मध्ये तो उभा राहिला. मुदखेड जंक्शनवरून हैदराबाद-सिकंदराबादकडे गाड्या जातात, आणि लेकरू अत्यवस्थ झालेल्या आईबापांना त्या शहरात निलोफर हे नाव आधी दवाखान्याचे म्हणूनच कळते. निलोफर १९८९ मध्ये पॅरिसला वारली. तिला मूल झाले नाही.